गाडीवाल्याचं पुढं काय झालं?

सोलापूरच्या माणसापुढे चादर पसरली की तो लगेच तोंड उघडत नाही. आधी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कापड धरून बघतो, मग कड ओढतो, मग चादर उलटी करून मागच्या अंगाला धागे कुठे सुटलेत का ते पाहतो आणि शेवटी ती उजेडाकडे धरतो. हा विधी चालू असताना दुकानदार चहा सांगून टाकतो, कारण निकालाला वेळ लागणार हे त्यालाही ठाऊक असतं. ‘माल चांगलाय,’ असं म्हणून गिऱ्हाईक गप्प होतं आणि त्या गप्प होण्यात उरलेलं सगळं बोलून जातं. माझ्या गावाने गाणं ऐकलं, भाषण ऐकलं, शेंगाचटणी चाखली, नवीन सून पाहिली, सगळं असंच, चिमटीत धरून आणि उलटं करून. अशा गावात राहून मारधाडीचा, पाठलागाचा, बंदुकांचा सिनेमा लिहायला घेणं हे मला नेहमीच खऱ्या धाडसाचं काम वाटत आलं आहे. पडद्यावरच्या नायकाला वीस जणांच्या गोळ्या चुकवता येतात. लेखकाला कोपऱ्यावरच्या एका माणसाचा अभिप्राय चुकवता येत नाही.

पूर्वी माझ्याकडे मुलं कविता घेऊन यायची. मराठीच्या मास्तराला निवृत्तीनंतरही कवितेपासून सुटका नसते. पण करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ (2013) केला आणि 2016 साली ‘सैराट’ने सगळा महाराष्ट्र नाचवला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातल्या पोरांच्या वह्यांचं रूप बदललं. चंद्र गेला, विरह गेला, पानाच्या मधोमध लिहायची पद्धत मात्र राहिली. आता तिथे ‘बाह्य. सात रस्ता. रात्र.’ असं लिहिलेलं असतं. मला या तीन शब्दांचा मोह पडतो. आयुष्यभर ज्या चौकातून भाजीची पिशवी घेऊन गेलो, तो चौक कुणीतरी असा टिंब देऊन लिहिला की एकदम गूढ वाटायला लागतो, जणू आपण इतकी वर्षं एखाद्या कटाच्या मधोमध राहत होतो आणि कुणी आपल्याला सांगितलं नाही. शिवाय कवितेला ‘छान’ म्हणून सुटता येत होतं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा हिशेब सांगतात. म्हणजे सव्वाशे पानांची फाइल मांडीवर येऊन पडली की माणूस पूर्ण खेळाचं तिकीट काढून बसलेला असतो आणि मध्येच उठायची सोय नसते.

अशीच एक फाइल घेऊन माझा एक जुना विद्यार्थी आला. ‘सर, पिक्चर लिहलालोय. तुम्ही फक्त ऐका आणि कसं वाटलालंय ते सांगा,’ असं म्हणाला. ‘फक्त’ म्हणणाऱ्या माणसाला बरंच काही हवं असतं. वाचन त्याच्या घरी ठरलं, पूर्व भागात, जिथे गल्लीच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग चालतात आणि माणसं जन्मापासूनच जरा वरच्या पट्टीत बोलतात. वडील मागावर, आई घरी बिड्या वळणारी, घरात तेलुगू, दारात मराठी, गल्लीच्या टोकाला कानडी आणि उर्दू. श्रोतृवर्गही तसाच जमला होता: गॅरेज चालवणारे एक चाचा, शेजारचे एक वयस्क काका ज्यांनी उभं आयुष्य सिद्धेश्वराच्या यात्रेत काढलं, लेखकाचे दोन मित्र, मी आणि कोपऱ्यात सूप मांडीवर घेऊन अम्मा. त्याने वाचायला सुरुवात केली. मागांची खडखड इतकी, की पहिला खून कुणालाच नीट कळला नाही. तो आवाज चढवत गेला, आम्ही पुढे सरकत गेलो. आणि नेमकं गिरणीतल्या गोळीबाराच्या मधोमध गल्लीतली वीज गेली. सगळे माग एका दमात थांबले आणि त्या अफाट, धुतल्यासारख्या शांततेत आमचा लेखक एकटाच ‘धाड! धाड! सोडू नका त्याला!’ असं ओरडत राहिला. समोरच्या माडीवरची बाई खिडकीत येऊन बघून गेली. मी अनेक काव्यवाचनं ऐकली, पण श्रोत्यांचं लक्ष इतकं एकवटलेलं कधी पाहिलं नाही.

कथा ऐकण्यासारखी होती, हे आधी सांगतो. लष्करातून परतलेला एक नायक, 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या आवारात लपवलेली हत्यारं, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक प्रतिष्ठित खलनायक आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम चालू असताना गोळ्या झाडायचा कट. आकाशात बाण फुटत असताना खालची गोळी कुणाला ऐकू येणार? ही कल्पना मला मनापासून आवडली. दर संक्रांतीला मान वर करून ते दारूकाम बघणाऱ्या लाखो माणसांपैकी एकाला तरी असं सुचलं, याचा अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली. शेवटी एक उंच चिमणी स्फोटाने कोसळते, असंही त्याने लिहिलं होतं. त्यावर मित्र म्हणाला, ‘काय बे, ते तर झालंय की!’ खरंच झालंय. 15 जून 2023 रोजी विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी स्फोटकं लावून पाडली आणि काही क्षणांत ती धुळीत बसली. तो दिवस आठवला की इथे कुणी अजून हळहळतं, कुणी विमानाचं वेळापत्रक सांगतं. पण कल्पित कथा लिहिणाऱ्याची पंचाईत अशी, की त्याचा सगळ्यात महागडा प्रसंग वास्तवाने आधीच, तिकीट न लावता, करून दाखवलेला.

मग अभिप्राय सुरू झाले. मला या वेळी एक गोष्ट ध्यानात आली, की मारधाडीच्या कथेला लोक फार गंभीरपणे मदत करतात. प्रेमकथेत कुणी म्हणत नाही की असं प्रेम होत नसतं. पण मोटारसायकल गच्चीवरून उडाली की प्रत्येकाच्या आतला इंजिनिअर जागा होतो. चाचांनी डोळे मिटून ती उडी मनात घेतली आणि म्हणाले, ‘दो आदमी बैठे हैं ना? मग पुढचा शॉकॲब्सॉर्बर पहिला जाणार. उडी मार म्हणा, पण नंतर चालवायला नको लावू. चालतच जाऊ दे त्याला.’ नायक यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीत शिरतो आणि काठी खांद्यावर घेतो, हे ऐकून काका ताठ बसले. ‘बाराबंदी घातलीय का त्यानं?’ नव्हती घातली. जीन घातली होती. ‘मग हात लावायचा नाही.’ लेखकाने तिथल्या तिथे नायकाला पांढरी बाराबंदी चढवली, तर मित्राला काळजी पडली, की आता पिस्तूल कुठं ठेवणार? पिस्तुलाची सोय की सिद्धरामेश्वराची रीत, यावर बराच वेळ खल झाला आणि शेवटी पिस्तुलानेच माघार घेतली. दुसऱ्या मित्राने तेलुगू सिनेमांच्या अनुभवावर सांगितलं, की नायक फार लवकर येतो. आधी चार जणांनी त्याच्याबद्दल घाबरत बोलावं, मग बूट दिसावेत, मग पाठ आणि चेहरा सगळ्यात शेवटी. मुंबईहून कुणा निर्मात्याच्या माणसाचा आवाजी निरोप आधीच आला होता. ‘मजा आली, फक्त सेकंड हाफ जरा बघू या’ एवढाच. त्यावर पोरगं महिनाभर झोपलं नव्हतं. सेकंड हाफ म्हणजे साठ पानं. त्यातलं नेमकं काय बघायचं, ते मुंबईने सांगितलं नव्हतं.

माझं काय, मास्तराला रक्ताच्या आधी लाल शाई दिसते. खलनायक मरताना म्हणतो ते वाक्य ऐकायला दणदणीत होतं, पण कागदावर त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या तीन जखमा होत्या. मी त्या दाखवल्या. पोराने अदबीने दुरुस्त करून घेतल्या. मरणारा माणूस शुद्ध मराठीत मेला, याचं मला समाधान आहे.

अम्मा काहीच बोलल्या नव्हत्या. त्या आपल्या कामात होत्या, आणि ते काम बघत राहावं असं असतं. ओल्या फडक्यात मऊ केलेलं तेंदूपान, त्यावर पत्र्याचा साचा, कात्रीची एक गोल फिरकी, चिमूटभर तंबाखू, बोटांची एक गुंडाळी, दोऱ्याचे वेढे, आणि नखाने तोंड मिटवून बिडी सुपात. डोळे कुठेही असोत, बोटं आपला रस्ता चुकत नाहीत. मजुरी हजारावर मिळते आणि कारखान्यात नेल्यावर तपासणारा त्यातली सैल, आखूड, फाटक्या पानाची बिडी बाजूला काढतो. त्या बाजूला काढलेल्या बिडीवर चर्चा होत नाही. ‘माझा यामागचा विचार असा होता’ असं अम्मांना कधी म्हणता आलेलं नाही. आयुष्यभर रोज संध्याकाळी समीक्षा झेललेल्या त्या बाईसमोर आम्ही आपले सेकंड हाफवर बोलत होतो.

पहिला खून झाला तेव्हा त्यांचे हात चालू होते. गिरणीतल्या गोळीबारात चालू होते. चिमणी पडली तेव्हाही दोरा तुटला नाही. फक्त एका जागी थांबले. पाठलागात नायकाची मोटारसायकल लक्ष्मी मंडईच्या बाजूने येते, समोर डाळिंबांची हातगाडी, ती उलटते, रस्ताभर लाल डाळिंबं घरंगळतात, त्यावरून खलनायकाची जीप घसरते आणि नायक निसटतो. लेखकाच्या दृष्टीने हा सगळ्यात देखणा प्रसंग. ज्या सोलापुरात 2005 पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे पाठलागात दुसरं कुठलं फळ सांडणार? ‘वरून शॉट आहे, सर. काळ्या रस्त्यावर लाल दाणे,’ असं म्हणताना त्याचे डोळे चमकत होते. तेवढ्यात मला दिसलं, की अम्मांच्या हातातलं पान अर्धं गुंडाळलेलं तसंच राहिलंय. वाचन संपलं, सगळ्यांचं बोलून झालं, चहाचे कप गोळा झाले, तेव्हा त्या म्हणाल्या,

‘त्या गाडीवाल्याचं पुढं काय झालं?’

‘अम्मा, तो परत येत नाही. तेवढाच सीन आहे त्याचा.’

‘सीनमध्ये नाही येत. पण घरी जाईल की रे तो. काय सांगेल घरी?’

कुणी हसलं नाही. चाचांनी मान हलवली. पोरगं फाइलकडे बघत राहिलं, आणि मला वाटतं की त्या दिवसाचा अभिप्राय म्हणावा असा तेवढाच एक होता. आमचे बाकीचे सगळे सल्ले होते. सल्ला देणारा स्वतःचा एक वेगळा सिनेमा मनात घेऊन आलेला असतो आणि समोरच्याच्या फाइलमध्ये तो बसतो का ते बघतो. चाचांच्या सिनेमात गाड्या खऱ्या होत्या, काकांच्या सिनेमात यात्रा, माझ्या सिनेमात व्याकरण. अम्मांकडे स्वतःचा सिनेमा नव्हता. त्या ऐकता ऐकता गोष्टीत गेल्या होत्या आणि तिथे ज्याच्यापाशी कुणीच थांबलं नव्हतं त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

घरी जाताना मला माझे मामा आठवले. गिरणीत रात्रपाळी करायचे आणि रविवारी आम्हा भाचरांना भागवतमध्ये नाहीतर जिथे जागा मिळेल तिथे सिनेमाला न्यायचे. सिनेमा संपला की पायी परतताना मामा तो पुन्हा सांगायचे, पण दुरुस्त करून. ज्याला कमी मार बसला त्याला वाढवून मिळायचा, जिचं लग्न राहिलं तिचं विजापूर वेशीपर्यंत लावून दिलेलं असायचं. ‘शोले’नंतर मात्र ते बराच वेळ गप्प चालले आणि मग म्हणाले, ‘जयला कशाला मारायचं? एक गोळी खांद्याला लावायची की.’ आणि घर येईपर्यंत त्यांनी जयला जिवंत केला, दवाखान्यात नेला, पट्टी बांधली. पुढे कळलं, की मुंबईतही तेच चाललं होतं. 15 ऑगस्ट 1975 ला चित्रपट लागला, पहिल्या दिवसांत व्यापारी मंडळींनी तो पडला म्हणून जाहीर केलं आणि जयला वाचवणारा नवा शेवट चित्रित करावा का, यावर खलबतं झाली. अमिताभ बच्चन यांनीच हे अनेकदा सांगितलं आहे. सोमवारपर्यंत थांबू, असं दिग्दर्शक रमेश सिप्पींनी ठरवलं. तो सोमवार आला आणि पुढे ‘शोले’ एकट्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला. मामांची सूचना त्यांच्यापर्यंत पोचली नाही, हे बरं झालं. पण ती करताना मामांचा आवाज जड झाला होता, त्याचं मोल सूचनेपेक्षा जास्त होतं.

दुसरी एक सूचना मात्र त्या सिनेमाला ऐकावी लागली. सलीम-जावेद यांच्या मूळ पटकथेत ठाकूर गब्बरला आपल्या खिळ्यांच्या बुटांनी ठार मारतो. दिवस आणीबाणीचे. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालणार नव्हता, म्हणून शेवट पुन्हा चित्रित झाला आणि ऐन वेळी पोलीस आले. माझ्या पिढीला ते पोलीस इतके पाठ झाले, की ते कुणाच्या अभिप्रायातून आले हे कधी मनात आलं नाही. 2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याला मूळ शेवटासह तो चित्रपट दाखवला, तोवर पन्नास वर्षं उलटत आली होती. लेखकांच्या उत्तराला इतका वेळ लागू शकतो. लिहिणाऱ्या पोरांनी धीर सोडू नये म्हणून हा हिशेब सांगितला.

पण मला ‘शोले’ आठवतो तो दोन्ही शेवटांसाठी नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो, आणि पुढच्या दृश्यात एका घोड्यावरून आंधळ्या इमामाच्या तरुण मुलाचं प्रेत गावात येतं. सगळा पाठलाग, सगळ्या गोळ्या, सगळी नाणेफेक तिथे बाजूला होते आणि एका म्हाताऱ्या माणसासाठी तीन तासांचा सिनेमा उभा राहतो. मारधाडीच्या कथेत कोण किती मारतो हे सगळेच लिहितात. मेलेल्याच्या घरी कोण आहे, हे लिहिणारे थोडे. आपल्याकडे श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी ‘अर्धसत्य’ची पटकथा लिहिली आणि 1983 साली गोविंद निहलानींनी तो चित्रपट केला. त्यात गुंड आहे, राजकारण आहे, पोलिसी खाक्या आहे, पण इन्स्पेक्टर वेलणकर ज्यात कायमचा बुडतो ती गोष्ट काय? एका भुरट्या चोराचा कोठडीतला मृत्यू. चोरी म्हणाल तर एका रेडिओची. कथेतला सगळ्यात किरकोळ माणूस मरतो आणि नायकाच्या पायाखालची जमीन जाते. तेंडुलकरांना अम्मांसारखं कुणी विचारलं असेल असं मी म्हणत नाही. ते स्वतःच स्वतःला विचारणाऱ्यांपैकी होते.

आता राहिला प्रश्न उत्तराचा. अभिप्राय द्यायला हिंमत लागते तशी घ्यायलाही लागते, आणि या बाबतीत सोलापूरची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे राम जोशी नावाचा वैदिक घरातला तरुण तमाशाच्या फडात रमला. त्याच्या लावण्यांवरचा पहिला अभिप्राय थोरल्या भावाने दिला, तोही शब्द खर्च न करता. घराबाहेर काढलं. एवढ्या स्पष्ट समीक्षेपुढे दुसरा कुणी आयुष्यभर भावाच्या नावाने बोटं मोडत बसला असता. राम जोशी उठले आणि पंढरपूरला जाऊन बाबा पाध्यांकडे संस्कृत शिकले. पुढे त्यांनी कीर्तनंही केली आणि लावण्याही रचल्या, आणि त्या विद्येने लावणीचाच पोत असा बदलला की शाहिरांच्या मांदियाळीत त्यांचं नाव पहिल्या ओळीत गेलं. राजकमलने 1947 साली ‘लोकशाहीर राम जोशी’ काढला, लेखन ग. दि. माडगूळकरांचं, आणि घराबाहेर काढलेला तो भाऊ सगळ्या महाराष्ट्राच्या घरात पोचला. थोरल्या भावाला लेखी उत्तर त्यांनी दिल्याचं कुठे वाचनात नाही. दिलेल्या उत्तराला लावणी म्हणतात.

आमच्या लेखकाचं उत्तर मात्र ठरल्या टप्प्यांनी आलं. पहिले काही दिवस त्याचं म्हणणं होतं, की अम्माला सिनेमाची भाषा कळत नाही. हातगाडी उलटणं ही जगभरची रीत आहे, जगात कुठेही पाठलाग झाला की गाडी उलटते आणि कुठल्याही देशात कुणी भरपाई मागत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. मग एक दिवस येऊन म्हणाला, सगळ्यांचं सगळं घातलंय. ती आवृत्ती मी वाचली. नायकाचे आधी बूट, मग पाठ, मग बाराबंदी, मग बंद पडलेली मोटारसायकल ढकलत तो यात्रेत येतो आणि चेहरा दिसेपर्यंत मध्यंतर होतं. ज्या लेखकाने सगळ्यांचं ऐकलं त्याच्या कथेत शेवटी श्रोतेच राहायला येतात आणि नायकाला ओसरीवर झोपावं लागतं. मी काही बोललो नाही. त्याने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण फाइल उचलून निघाला आणि जिन्यावरूनच ओरडला, ‘कळलं सर, करतो!’

तिसऱ्या खेपेला त्याने फक्त एकच प्रसंग वाचून दाखवला, तोही अम्मांसमोर. पाठलाग संपलाय. नायकाच्या दंडातून रक्त वाहतंय, पोलीस मागावर आहेत, यात्रेला अवघे दोन तास उरलेत. तो मंडईपाशी परत येतो. गाडीवाला फुटलेली डाळिंबं एका बाजूला आणि धड डाळिंबं एका बाजूला करत बसलेला. नायक त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसतो, रडतो, क्षमा मागतो, शंभर रुपये हातावर ठेवतो आणि सांगतो की हे शहर वाचलं तर तुझ्या डाळिंबांनी वाचलं. पोराचा आवाज भरून आला होता. माझेही डोळे ओलावले. अम्मांनी बिडीचं तोंड नखाने मिटवलं आणि सुपात टाकली.

‘एवढं बोलायला वेळ आहे का त्याला?’

‘म्हणजे?’

‘रक्त वाहलालंय म्हणतोस. पैसे द्यावेत आणि जावं. आणि शंभर काय देतो? गाडीभर माल होता. भाव विचार आधी बाजारात.’

पोरगं दुसऱ्या दिवशी खरंच मंडईत गेलं आणि किलोचा भाव, गाडीवर माल किती मावतो आणि उलटल्यावर किती वाया जातो, हे विचारून आलं. गाडीवाल्यांनी आधी त्याला संशयाने पाहिलं, मग सिनेमाचं कळल्यावर चौघांनी मिळून हिशेब करून दिला आणि एकाने सांगितलं, की गाडी उलटली तर माणूस पहिला वजनकाटा शोधतो, डाळिंबं नंतर. ही गोष्ट जगातल्या कुठल्याही पटकथालेखनाच्या वर्गात कळली नसती. आता त्या प्रसंगात भाषण नाही. नायक येतो, रस्त्याकडेला पडलेला वजनकाटा उचलून गाडीवर ठेवतो, खिशात असतील तेवढे पैसे देतो. गाडीवाला मोजतो. कमी भरतात. नायक हातातलं घड्याळ काढून देतो आणि निघून जातो. पुढे सगळा उत्तरार्ध त्याला वेळ कळत नाही, होम मैदानावर दारूकाम किती वाजता सुरू होणार ते दर माणसाला विचारत सुटावं लागतं, आणि मुंबईच्या निरोपातल्या त्या सेकंड हाफला एकदम धार आली. कुणी सांगून आणता आली नसती अशी धार ती. हे त्याला कसं सुचलं विचारलं तर म्हणाला, ‘पैसे कमीच भरलालते, सर. मग काय करणार?’

अम्मांना ती आवृत्ती ऐकवली. त्यांचा हात थांबला नाही. पण ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की घड्याळ चालू होतं ना? मी याला उत्तम परीक्षण समजतो. शंका घेण्यासारखं एवढंच उरलं होतं.

चित्रपट अजून झालेला नाही. होईल की नाही सांगता येत नाही. एका निर्मात्याने फाइल ठेवून घेतली आहे आणि मोटारसायकली वाढवता येतील का, असं विचारलं आहे. त्याचं उत्तर पोरगं देईल. मला सांगायचंय ते तुम्हाला, कारण तुमच्याही घरी किंवा शेजारी कुणीतरी काहीतरी लिहीत असणारच आणि एखाद्या संध्याकाळी तो फाइल घेऊन दारात उभा राहील. वेळ नसेल तर तसं सांगून टाका, त्यात अपमान नाही. पण बसलात तर शेवटपर्यंत बसा, मोबाइल आत ठेवा, आणि नुसतं ‘छान आहे’ म्हणून त्याला परत पाठवू नका. तुमच्या मनातला सिनेमा त्याच्या गळ्यात घालू नका. ऐकताना तुमचं काम कुठे थांबलं, तेवढं सांगा. उरलेलं तो करतो, आणि बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा बरं करतो.